मी पुसलेल्या दोन फायली

आमच्या नात्यागोत्यात कुणाचाही फोन रुसला की तो माझ्याकडे येतो. मावशीचा येतो, नणंदेचा येतो, नणंदेच्या जावेचा येतो, आणि ज्यांची माझी कित्येक वर्षांत गाठभेट नाही त्यांचाही कुरिअरने येतो. मी एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये असिस्टंट आहे. दिवसभर तिथल्या मशीनची दुखणी काढायची आणि घरी आल्यावर ओढणी खोचून लोकांचे फोन घेऊन बसायचं. आता मला याचा कंटाळा आला आहे, आणि तो लपवायचाही कंटाळा आला आहे. पूर्वी असं नव्हतं. पूर्वी मला यात मजा वाटायची, आणि मजेपेक्षा जास्त मिजास वाटायची.

मिजास होती ती फोन रूट करता येतो याची. रूट करणं म्हणजे काय, हे मी नातेवाइकांना नेहमी घराच्या भाषेत सांगायची. तुम्ही फोन विकत घेतला तरी त्यातल्या दोन-तीन खोल्यांना बनवणाऱ्यांनी कुलूप घातलेलं असतं. तुम्ही राहा, पण तिकडे जाऊ नका. रूट केलं की त्या खोल्याही आपल्या होतात. नको ती अ‍ॅप्स हाकलता येतात, संपूर्ण फोनचा बॅकअप घेता येतो, अडला फोन मागच्या दारातून उघडता येतो. हे सगळं नव्या फोनवर पहिल्याच दिवशी करावं लागतं, कारण ते पहिलं कुलूप उघडताना फोन आतलं सगळं पुसून टाकतो. म्हणून आमच्याकडे नवा फोन आला की त्याला हळदकुंकू लागायच्या आधी माझ्या लॅपटॉपची केबल लागायची.

आणि दुसरं एक काम मी न विसरता करायची. नवे फोन आपली सगळी साठवण सांकेतिक करून ठेवतात. फोटो, आवाज, कागदपत्रं, सगळं आत अगम्य होऊन पडलेलं असतं, आणि मालकानं कुलूप उघडलं की तेवढ्यापुरतं वाचता येतं. त्याला एन्क्रिप्शन म्हणतात. रूट करणाऱ्यांना ते फार आडवं येतं, मागच्या दारातून आत शिरलं तरी हाती काही लागत नाही. त्यामुळे मी ते बंदच करून टाकायची. एक छोटी फाइल टाकायची की काम झालं. पुढे मावशी तिचा पिन विसरली की मी मागच्या दारातून जायची, कुलपाच्या दोन फायली पुसायची, फोन चालू करायची आणि तो काही न विचारता उघडायचा. चहा उकळेपर्यंत हे काम व्हायचं. मावशी म्हणायची, 'तुझ्या हातात जादू आहे गं.' मी 'काहीतरीच काय' म्हणायची आणि आतून फुगायची.

माझ्या सासऱ्यांना मात्र या जादूचं कौतुक नव्हतं. त्यांना मी 'बाबा' म्हणते. त्यांना कौतुक फक्त त्यांच्या वह्यांचं.

आमचं घर तीर्थोपाध्यांचं. रामकुंडावर बाहेरगावाहून लोक क्रियाकर्माला येतात, त्यांचे विधी करायचे आणि त्यांच्या घराण्यातली नावं वहीत लिहून घ्यायची, हे पिढ्यान् पिढ्यांचं काम. कोणत्या गावचे यजमान कोणाचे हे ठरलेलं असतं. आमच्याकडे चांदवडच्या बाजूची बरीच गावं. एखादा माणूस येतो, गाव सांगतो, आडनाव सांगतो, आणि उपाध्ये वही उघडून त्याला त्याच्या खापरपणज्याचं नाव वाचून दाखवतात. त्या माणसाचा चेहरा त्या वेळी बघण्यासारखा होतो. मी लग्न होऊन आले तेव्हा मला हे सगळं जुनाट वाटलं होतं. मग एकदा मी तो चेहरा बघितला आणि पुन्हा तसं म्हणाले नाही.

जुन्या वह्या मोडीत लिहिलेल्या आहेत. मोडी वाचणारे नाशकात आणखीही आहेत, पण आमच्या वह्या बाहेरच्याला दाखवायच्या नाहीत असा घरचा नियम. वही दुसऱ्या उपाध्याच्या हाती पडली तर यजमान त्याच्याकडे जाईल ही त्यामागची भीती. म्हणून लिहिणाऱ्यांनी खुणाही आपापल्या घातलेल्या. एका टिंबाचा अर्थ दत्तक, आडव्या रेघेचा अर्थ गाव सोडून गेला, असं बरंच काही. वर आणखी एक गोष्ट अशी की, आमचं घर पूर्वी गोदाकाठी होतं आणि एका पुरात तळमजल्यात पाणी शिरून चार वह्या भिजल्या. त्यांतली निम्मी पानं आता फक्त निळसर डाग आहेत. पण बाबांना ती पानं पाठ होती. त्यांच्या वडिलांनी लहानपणी त्यांच्याकडून ती घोकून घेतली होती. बाबा डागावर बोट ठेवायचे आणि सात पिढ्या म्हणून दाखवायचे.

आता आम्ही इंदिरानगरात तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि वह्या लाल फडक्यात बांधून स्टीलच्या कपाटात आहेत. माझा नवरा ओझरला कारखान्यात नोकरीला. उपाध्येपण धाकट्या दिरांनी घेतलं. माणूस सज्जन, विधी चोख, आवाज खणखणीत, पण मोडी त्यांना येत नाही. 'शिकीन की' असं म्हणत त्यांची चाळिशी उलटली. बाबाही 'शिकवीन की' म्हणत राहिले. दोघंही एकमेकांच्या मागे लागले नाहीत. मुलाला वही वाचता आली की बापाची गरज संपली, असं बाबांना कुठेतरी वाटत असावं. मी हे दिरांना एकदा बोलून दाखवलं तर ते नुसते हसले.

बाबांचा नवा फोन आला तेव्हा मी नेहमीप्रमाणे लॅपटॉप उघडून बसले. बाबा शेजारी येऊन बसले. म्हणाले, 'याला पक्कं कुलूप घाल. लोकांचे कागद असतात माझ्याकडे. मृत्यूचे दाखले असतात, आधार कार्डं असतात. रामकुंडावर गर्दीत कुणी फोन मारला तर त्याच्या हाती काही लागता कामा नये.'

बोलणं बरोबर होतं. त्याच महिन्यात घाटावर एका गुरुजींचा फोन गेला होता. म्हणून मी रूट केलं, मागचं दार ठेवलं, पण एन्क्रिप्शन पहिल्यांदाच बंद केलं नाही. बाबांनी नऊ ठिपक्यांचा पॅटर्न ठेवला. मी म्हटलं, 'मला दाखवून ठेवा, कधी अडलं तर.' तर म्हणाले, 'दाखवायचा असता तर कुलूप कशाला घातलं असतं?' आणि माझ्याकडे पाठ करून पॅटर्न काढला. मी हसले. आपल्या वस्तू दुसऱ्याच्या मशीनवर कशाला ठेवायच्या, अशी माझीही एक अढी असल्यामुळे ऑनलाइन साठवणही मीच बंद करून टाकली. बॅकअप मी घेईन म्हटलं. गुढीपाडव्याला एकदा घेतलाही.

त्यानंतर बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकायला लागला आणि त्यांना घाई सुटली. त्यांनी स्वतःहून ठरवलं की वह्या मोठ्यानं वाचून फोनमध्ये भरायच्या. रोज दुपारी जेवण झालं की ते कपाट उघडायचे, फोन पाटावर ठेवायचे, लाल बटण दाबायचे आणि सुरू करायचे. वही क्रमांक, पान क्रमांक, गाव, आडनाव. 'याचे पुत्र तीन, मधला दत्तक गेला, इथे टिंब आहे बघ.' ते 'बघ' दिरांना उद्देशून होतं. समोर बसलेल्या मुलाला जे शिकवणं जमलं नाही, ते समोर नसलेल्या मुलाला ते बिनतक्रार शिकवत होते. शनिवारी मी दुपारी घरी असायची तेव्हा भांडी आवरताना ते ऐकू यायचं. कधी डुलकी लागायची, कधी एखाद्या नावावर थांबून त्या घराण्याची भांडणं सांगत बसायचे. पाच-सहा महिने हे चाललं. भिजलेल्या चारही वह्या त्यांनी पुऱ्या केल्या, आणि त्या दिवशी मला मुद्दाम बोलावून शिरा करायला लावला.

मी तेव्हाच बॅकअप घ्यायला हवा होता. शिरा केला, पण बॅकअप काही घेतला नाही. दिवाळीत घेऊ म्हटलं.

दिवाळीच्या आधीच बाबांना झटका आला. सकाळी आंघोळ करून बाहेर आले आणि दारातच बसले. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, शब्द आत आहेत पण बाहेर यायची वाट बंद आहे, आणि आपलं बोलणंही त्यांना सगळंच पोचेल असं नाही. किती उघडेल, कधी उघडेल, सांगता येत नाही. आमची हॉस्पिटलची धावपळ सुरू झाली. फोन दिरांच्या पिशवीत पडून राहिला. त्यांनी तो सॅनिटायझरनं लख्ख पुसूनही घेतला, त्यामुळे काचेवर बोटांचे माग असते तर तेही गेले. आठवड्यानं घरी आलो तेव्हा बॅटरी संपून तो बंद पडलेला होता. चार्जिंगला लावून चालू केला तर त्यानं पॅटर्न मागितला. बाबांचं बोट लावून बघितलं. बंद होऊन चालू झालेला फोन बोटाला जुमानत नाही, त्याला आधी पॅटर्नच लागतो. हॉस्पिटलमध्ये कुणी रोज चार्ज केला असता तर बोटावर काम झालं असतं. हे मला माहीत होतं. मला सगळंच माहीत होतं, हीच तर रडकथा आहे.

फोन बाबांच्या डाव्या हाताखाली धरला. त्यांनी काचेकडे बघितलं, बोट ठेवलं, ते घसरलं. दुसऱ्यांदा घसरलं. फोननं 'चुकीचा पॅटर्न' म्हटलं आणि थांबायला लावलं. बाबांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तेव्हा मी फोन काढून घेतला.

पितृपक्षात एक यजमान चांदवडहून आले होते, तेव्हा बाबा धडधाकट होते. त्यांच्या घराण्याचं पान नेमकं भिजलेल्या वहीत. बाबांनी त्यांना 'वडिलांच्या वर्षश्राद्धाला या, सगळी वंशावळ लिहून देतो' असा शब्द दिला होता. ते आता आले. कांद्याची लागवड सोडून आले होते, पायांना अजून माती होती. दिरांनी वही उघडली. निळ्या डागावर दोघंही बराच वेळ वाकून राहिले.

'आमचं आजोबा म्हणायचं, नाशिकच्या वहीत समदं लिव्हलेलं हाय,' ते म्हणाले.

'आहे. पण जरा वेळ लागेल,' दीर म्हणाले.

'लागू द्या. पण हाय ना?'

'आहे.'

ते बाबांना भेटले, पाया पडले आणि गेले. दीर स्वयंपाकघरात आले. त्यांनी पाणी प्यायलं, पेला ओट्यावर ठेवला आणि म्हणाले, 'वहिनी, काहीही करा. फोन तेवढा उघडा. त्याच्याशिवाय मी नुसता मंत्र म्हणणारा माणूस आहे.'

एवढ्या वर्षांत दिरांनी माझ्याकडे काही मागितलं नव्हतं.

पुढच्या रविवारी दुपारी मी बसले. घाई नव्हती, कुणी डोक्यावर उभं नव्हतं. बाबा आत झोपले होते, नवरा त्यांच्याजवळ पेपर वाचत होता. म्हणजे मला कुणावर ढकलायला जागाच नाही. मागच्या दारानं आत शिरले. फोनची आतली यादी समोर आली. फोल्डरची नावं म्हणजे नुसता अक्षरांचा भुगा. मला दिसलं की ही सांकेतिक झालेली साठवण आहे. दिसलं आणि मी मान हलवली. वाटलं, कुलूप निघालं की फोन स्वतःच ही नावं सरळ करेल. मावशीच्या फोनला हेच केलं होतं, नणंदेच्या फोनला हेच केलं होतं, आणखी किती जणांच्या फोनला केलं होतं. हाताला वाट ठाऊक होती. त्या फोल्डरपर्यंत बोटं आपोआप गेली, कुलपाच्या दोन फायली निवडल्या.

पुसण्याआधी मी क्षणभर थांबले होते, हे मला नीट आठवतं. 'आधी बॅकअप' हे वाक्य मी जगाला ऐकवत आले आहे, त्यामुळे ते मलाही आठवलं. मग म्हटलं, या भुग्याचा बॅकअप घेऊन करू काय? आणि कुलपाच्या फायली तर टाकायच्याच आहेत, त्यांची प्रत कशाला ठेवायची? पुसल्या.

फोन चालू केला. पॅटर्न विचारला नाही. माझ्या तोंडून 'झालं' निघालं. नवऱ्यानं आतून विचारलं, 'उघडला?' मी म्हटलं, 'उघडतोय.' पडद्यावर 'फोन सुरू होत आहे' एवढंच येत होतं. दहा मिनिटं झाली, वीस झाली. मी चहा केला, प्यायला, कप विसळला. परत येऊन बघितलं तर तेच.

मग मी वाचायला बसले. खरं म्हणजे नवीन काहीच वाचलं नाही, सगळं आधी वाचलेलंच होतं. एन्क्रिप्शन चालू असलेल्या फोनमध्ये पॅटर्न नुसता दार अडवत नाही. पॅटर्न आणि त्या फायली मिळून किल्ली बनते. अर्धी किल्ली माणसाच्या डोक्यात, अर्धी त्या फायलींत. मी ज्याला कुलूप समजून फोडलं ती किल्लीचीच अर्धी बाजू होती. आतले आवाज जिथल्या तिथे आहेत, एकही हललेला नाही, आणि ते आता कधीच कुणाला ऐकू येणार नाहीत. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी परक्या माणसानं एका फोरमवर हाच प्रश्न विचारला होता आणि त्याला मीच उत्तर दिलं होतं, 'असं चुकूनही करू नका.' ते उत्तर शोधून मी पुन्हा वाचलं. छान लिहिलं होतं.

पुसलेल्या फायली परत आणायची जी जी साधनं मला माहीत होती, ती वापरून बघितली. एका दुकानात गेले, दुसऱ्या दुकानात गेले. दुसऱ्या दुकानातल्या माणसानं फोन उलटसुलट केला, माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, 'मॅडम, तुम्हाला सगळं येतंय. मग माझ्याकडे कशाला आलात?' त्याला टोमणा मारायचा नव्हता. तो खरंच विचारत होता. मी रिक्षात बसून रडले आणि सिडकोच्या वळणावर डोळे पुसले, कारण पुढे ओळखीची माणसं लागतात.

दिरांना मी सांगितलं नाही. ते विचारायचे, 'वहिनी, काही हालचाल?' मी म्हणायची, 'चालू आहे.' सत्तेचाळीस वर्षांची बाई मी, लॅबमध्ये कुणी खोटं बोललं तर खडसावणारी, आणि रोज सकाळी डब्यात पोळ्या भरता भरता 'चालू आहे' म्हणत होते. दीर विश्वास ठेवत होते, त्याचा जास्त राग यायचा. मला वाटायचं, एकदा तरी ओरडून विचारा की नेमकं काय चालू आहे. पण ते 'बरं' म्हणायचे आणि स्कूटर काढायचे. हिवाळा असा गेला. मी त्या दिवसांत कुणाचाही फोन हातात घेतला नाही. मावशीला म्हटलं, डोळे दुखतात.

बाबांना बोलायला शिकवणारी एक बाई आठवड्यातून तीनदा यायची. तरुण, उत्साही. चित्रं दाखवायची. 'आजोबा, हे काय? कप. म्हणा, कप.' बाबा तिच्याकडे ज्या नजरेनं बघायचे ती बघून मला हसू आणि रडू बरोबरच यायचं. कप म्हणता येत नव्हतं, पण तिनं संध्येची नावं सुरू करून दिली की बाबा 'केशवाय नमः'पासून थेट धडाधडा म्हणत जायचे. पाठ केलेलं निघतं, ती म्हणाली. हे कळल्यावर दीर भिजलेली वही घेऊन बसले. बोट डागावर ठेवलं, गावाचं नाव म्हटलं. बाबांचे ओठ हलले. गाव आलं, आडनाव आलं, पहिलं नाव अर्धं आलं, आणि पुढे 'बघ' आलं. मग नुसतं 'बघ, बघ, बघ'. दिरांनी वही मिटली. त्यानंतर दोन दिवस बाबा जेवले नाहीत, म्हणून तो प्रयोग आम्ही पुन्हा केला नाही.

डावा हात मात्र सुधारत होता. ती बाई ताटात रवा पसरायची आणि त्यात बोटानं रेघा काढायला लावायची. उभी, आडवी, तिरकी. बाबांना त्याचा नाद लागला. चहा झाला की स्वतःच ताटाकडे बोट दाखवायचे.

एके दिवशी सकाळी मी त्यांच्यापुढे ताट ठेवलं आणि चहाचे कप उचलायला वळले. बाबांनी ताटाच्या कडेवर टकटक केलं. मी बघितलं. त्यांनी रव्यात नऊ खड्डे केले होते, तीन ओळींत तीन. वाकडेतिकडे, पण नऊ. माझ्या हातातले कप मी खाली ठेवले. बाबांनी माझ्याकडे बघून घेतलं, मी बघते आहे ना याची खात्री केली, आणि एका खड्ड्यापासून सुरुवात करून बोट न उचलता रेघ ओढली. खाली, तिरकी वर, आडवी, पुन्हा खाली. मग बोट उचललं आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर इतक्या महिन्यांत मी असा आनंद बघितला नव्हता.

हाच माणूस माझ्याकडे पाठ करून बसला होता. आता स्वतःहून दाखवत होता.

त्या दोन फायलींची एक प्रत मी कुठेही ठेवली असती, लॅपटॉपवर, एखाद्या जुन्या पेन ड्राइव्हवर, तर त्या सकाळी मी फोन आणला असता, फायली परत जागेवर टाकल्या असत्या, रव्यातली रेघ काचेवर काढली असती आणि घरात त्यांचा आवाज घुमला असता. अर्धी किल्ली त्यांनी शोधून आणली. माझी अर्धी मी फेकून दिली होती.

मी 'थांबा' म्हणून आत गेले. दीर सोवळं नेसून बाहेर पडायच्या तयारीत होते. मी त्यांना स्वयंपाकघरात बोलावलं आणि सगळं सांगून टाकलं. रविवारी दुपारी काय केलं, काय करायला नको होतं हे मला माहीत होतं, आणि तेव्हापासून मी खोटं बोलते आहे. काही राखून ठेवलं नाही. दीर ओट्याला टेकून ऐकत होते. मधेच म्हणाले, 'म्हणजे पॅटर्न मिळाला तरी...?'

'नाही.'

'कधीच?'

'कधीच नाही.'

त्यांनी ओट्यावर पडलेला एक तांदळाचा दाणा उचलला, चिमटीत फिरवला, परत ठेवला. मला वाटलं आता ओरडतील. मी तयार होते. ते म्हणाले, 'बाबा चाळीस वर्षं समोर होते वहिनी. मी शिकायला बसलो नाही. तुम्हाला काय बोलू?' आणि मग दारापर्यंत जाऊन परत आले. 'त्यांना सांगू नका,' म्हणाले.

मी म्हटलं, मी सांगणार. मला आणखी एक खोटं झेपणार नाही.

बाहेर आले. बाबांच्या समोर स्टुलावर बसले, त्यांचा डावा हात हातात घेतला. रवा लागलेला होता. म्हटलं, 'बाबा, फोन आता उघडणार नाही. मी पुसलं. तुमचं वाचन गेलं. माझ्या हातून गेलं.' सावकाश म्हटलं, दोनदा म्हटलं. ते लक्ष देऊन ऐकत होते. कपाळाला आठी पडली. मला वाटलं, पोचलं.

मग त्यांनी हात सोडवून घेतला. ताट थोडं माझ्याकडे सरकवलं, तळहातानं रवा सारखा केला आणि पुन्हा नऊ खड्डे केले. मला समजलेलं नाही, असं त्यांना वाटलं होतं. या खेपेला त्यांनी रेघ फार हळू ओढली, प्रत्येक खड्ड्यापाशी थांबत, मठ्ठ मुलाला अक्षर गिरवायला शिकवावं तशी. शेवटच्या खड्ड्यावर बोट ठेवून माझ्याकडे बघितलं.

'बघ,' ते म्हणाले.

मी 'कळलं, बाबा' म्हटलं. ते मागे टेकले आणि त्यांनी डोळे मिटले.